परदेशी तणांचे जैविक नियंत्रण : देशाची योजना आणि गावाचे काम

हरळी, लव्हाळा, कुंदा ही तणे शेतकऱ्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या परिचयाची आहेत. त्यांचा उपद्रव मोठा असला तरी त्यांची खोड शेतकऱ्यास ठाऊक आहे. नांगर, कुळव आणि खुरपे ह्यांच्या साहाय्याने तो त्यांचा बंदोबस्त करीत आला आहे. परंतु गाजर गवत, जलपर्णी, घाणेरी ह्यांसारखी जी तणे परदेशातून आपल्याकडे आली, त्यांची गोष्ट निराळी आहे. ती एका शेताच्या बांधापाशी थांबत नाहीत. गायरान, रस्त्याच्या कडा, पडीक जमिनी, तळी, कालवे ही सर्व ठिकाणे ती व्यापतात. एका शेतकऱ्याने आपले शेत कितीही स्वच्छ ठेवले तरी शेजारच्या पडीकातून वाऱ्याबरोबर व पाण्याबरोबर बी येतच राहते. म्हणून ह्या तणांचा विचार एका शेतापुरता करून भागत नाही. तो सर्व देशाचा मिळून करावा लागतो. अशा योजनेचे स्वरूप काय असावे, तिच्यात घाई का चालत नाही आणि गावकऱ्यांच्या वाट्याला कोणते काम येते, ह्याची माहिती ह्या पाठात दिली आहे.

१. परदेशी तण इतके का माजते?

प्रत्येक वनस्पतीला तिच्या मूळ देशात शत्रू असतात. कोणी कीटक तिची पाने खातो, कोणी तिचे खोड पोखरतो, कोणती बुरशी तिच्यावर तांबेरा आणते. ह्या शत्रूंमुळे ती वनस्पती आपल्या मर्यादेत राहते. तीच वनस्पती समुद्र ओलांडून नव्या देशात येते तेव्हा बहुधा तिचे बीच येते, शत्रू मागे राहतात. मग तिला आवर घालणारे कोणी उरत नाही.

गाजर गवताचे उदाहरण घ्यावे. काँग्रेस गवत, चटक चांदणी, पांढरी फुली अशा नावांनीही ते ओळखले जाते. ह्याचे मूळ ठिकाण मेक्सिको व त्याभोवतीचा अमेरिकेचा उष्ण प्रदेश होय. भारतात ह्या तणाकडे प्रथम लक्ष गेले ते १९५५ साली, पुणे येथे. परदेशातून आयात केलेल्या धान्याबरोबर ते आले असावे असे मानले जाते. ह्याचे एक झाड १५ ते २५ हजार बिया देऊ शकते. उगवल्यापासून चार ते सहा आठवड्यांत त्यास फुले येऊ लागतात, आणि जमिनीत ओल असेल तर ते बाराही महिने उगवते. जनावरे त्यास सहसा तोंड लावीत नाहीत. लावलेच तर दुधास कडवट चव येते. ह्या गवताच्या संसर्गाने अनेकांच्या त्वचेस खाज सुटून चट्टे उठतात व परागामुळे दम्यासारखा त्रास होतो.

अशा तणाच्या मूळ देशातून त्याचा नैसर्गिक शत्रू शोधून आणणे, तो आपल्या पिकांना निर्धोक असल्याची खात्री करणे आणि मग त्यास येथे वसविणे, ह्या पद्धतीस जैविक नियंत्रण म्हणतात. ह्या पद्धतीने तण मुळासकट नाहीसे होत नाही. त्याचा जोर कमी होऊन ते सुसह्य मर्यादेत येते. हे आरंभीच ध्यानात घ्यावे.

२. निवडुंगाने दिलेला धडा

ह्या विषयातील जगातील अगदी आरंभीचा अनुभव भारताच्याच पदरी आहे, आणि तो योगायोगाने आलेला आहे. किरमिजी रंग देणारा किडा हवा म्हणून १७९५ साली ब्राझीलहून एक किडा बंगालमध्ये आणण्यात आला. परंतु तो रंगाचा उत्तम किडा नसून त्याच्या जातीचा दुसराच किडा निघाला. रंगाच्या कामी त्याचा फारसा उपयोग झाला नाही; मात्र परदेशातून येऊन माजलेल्या एका निवडुंगावर तो असा तुटून पडला की उत्तर व मध्य भारतातील त्या निवडुंगाची रानेच्या राने वाळली. हे पाहून १८३६ ते १८३८ ह्या काळात तो किडा मुद्दाम दक्षिण भारतात नेण्यात आला.

दक्षिणेत फड्या निवडुंगाची दुसरी एक जात माजलेली होती. तिला ह्या किड्याने हातही लावला नाही. तिच्यासाठी त्याच कुळातील दुसरा किडा १९२६ साली श्रीलंकेहून आणावा लागला, आणि मग तिचा जोर ओसरला. दोन्ही निवडुंग दिसावयास सारखे, दोन्ही किडे दिसावयास सारखे. परंतु ह्या तणास हा किडा आणि त्या तणास तो, असा निसर्गाचा नेम आहे. तण नेमके ओळखल्याविना त्याचा शत्रू सापडत नाही, हा ह्यातील पहिला धडा होय.

ऑस्ट्रेलियाने ह्याच प्रश्नास राष्ट्रीय योजनेचे रूप दिले. तेथे निवडुंगाने सुमारे ६ कोटी एकर जमीन व्यापली होती. १९२० साली त्या देशाने केवळ ह्या कामासाठी मंडळ स्थापन केले. १९२५ साली अर्जेंटिनाहून एका पतंगाची अंडी आणली, ती वाढविली आणि गावोगाव वाटली. पुढील सात-आठ वर्षांत निवडुंगाची बहुतेक राने कोसळली व ती जमीन पुन्हा वहितीस आली. मात्र ह्या यशाला दुसरी बाजूही आहे. तोच पतंग पुढे १९५७ साली कॅरिबियन बेटांवर सोडण्यात आला, आणि १९८९ साली तो अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात आढळला. शेजारच्या मेक्सिकोत निवडुंग हे तण नव्हे. ते लोकांचे अन्न आहे, पीक आहे. जो कीटक एका देशाचा उपकारकर्ता ठरला तोच दुसऱ्या देशास धोका झाला. एकदा सोडलेला कीटक परत बोलावता येत नाही. जैविक नियंत्रणाच्या सर्व नियमांचे मूळ ह्या एका गोष्टीत आहे.

३. राष्ट्रीय योजनेच्या पायऱ्या

पहिली पायरी : तणाची निवड. सर्व परदेशी तणे एकदम हाती घेता येत नाहीत. कोणत्या तणाने नुकसान अधिक होते, कोणते इतर उपायांनी आटोक्यात येत नाही आणि कोणत्याचा कोणास उपयोग आहे, हे आधी पाहावे लागते. वेडी बाभूळ कुरणे गिळून टाकते हे खरे; परंतु अनेक गरीब घरांची चूल तिच्याच लाकडावर पेटते. अशा झाडाविरुद्ध शत्रू आणण्यापूर्वी त्या चुलींचा विचार करणे प्राप्त आहे. गाजर गवत व जलपर्णी ह्यांच्याविषयी मात्र असा मतभेद फारसा नाही.

दुसरी पायरी : तणाची नेमकी ओळख. केरळातील भातखाचरे व कालवे एका पाणनेच्याने भरून गेले होते. त्या नेच्यास प्रथम दुसऱ्याच जातीचा समजण्यात आले, आणि त्यामुळे आरंभीच्या प्रयत्नांस यश आले नाही. तो नेचा स्वतंत्र जातीचा आहे हे १९७२ साली स्पष्ट झाले. पुढे त्याचे मूळ ठिकाण आग्नेय ब्राझीलमध्ये सापडले व तेथेच त्याचा खरा शत्रू, एक लहानसा सोंड्या भुंगेरा, मिळाला. तो ऑस्ट्रेलियामार्गे भारतात आणून १९८३-८४ मध्ये सोडण्यात आला आणि थोड्याच वर्षांत केरळातील पाणी मोकळे झाले.

तिसरी पायरी : शत्रूचा शोध. तणाच्या मूळ देशात जाऊन, त्या देशाची संमती घेऊन, त्या तणावर जगणारे कीटक व रोग पाहिले जातात. त्यांपैकी जे अनेक वनस्पतींवर जगतात ते तेथेच वगळले जातात.

चौथी पायरी : आपल्या पिकांवर कसोटी. ही पायरी सर्वांत महत्त्वाची होय. गाजर गवताच्या खोडात शिरून गाठ आणणारा एक पतंग ऑस्ट्रेलियाने १९८२ साली सोडला व त्याचा तेथे चांगला उपयोग झाला. भारतातील शास्त्रज्ञांनीही तो आणवून बंदिस्त जागेत त्याची परीक्षा घेतली. तेव्हा असे दिसले की तो कारळ्याच्या झाडावरही वाढतो. कारळे हे आपल्या डोंगराळ भागातील, विशेषतः आदिवासी शेतकऱ्यांचे, तेलबियांचे पीक आहे. ऑस्ट्रेलियात त्याची चिंता करण्याचे कारण नव्हते, आपल्याला होते. म्हणून तो पतंग भारतात सोडण्यात आला नाही. दुसऱ्या देशाने मंजूर केलेला कीटक आपणही मंजूर करावा, असे म्हणता येत नाही ते ह्यासाठी. प्रत्येक देशाने आपल्या शेतातील पिकांची यादी समोर ठेवून निर्णय करावा लागतो. ऑस्ट्रेलियाने गाजर गवताविरुद्ध नऊ कीटक व दोन तांबेरे सोडले. भारताची मुख्य भिस्त आजही एका भुंगेऱ्यावर आहे. पुढील काळात आणखी शत्रू आणावयाचे असतील, तर त्यांनाही ह्याच कसोटीतून जावे लागेल.

पाचवी पायरी : परवानगी. परदेशातून जिवंत कीटक आणण्यास केंद्र सरकारच्या वनस्पती संरक्षण सल्लागाराची परवानगी लागते. आणलेला कीटक प्रथम विलगीकरण कक्षात ठेवतात. त्याच्याबरोबर त्याचा कोणी परजीवी किंवा रोग आला नाही ना, हे पाहून मगच पुढील पिढी बाहेर काढतात. बंगळूर येथील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोकडे ह्या कामाची सोय आहे. खाजगीरीत्या कोणी कीटक आणणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय तो सर्व शेतकऱ्यांच्या पिकांशी खेळ आहे.

सहावी पायरी : प्रसार व पडताळा. कीटक सोडला म्हणजे काम संपले असे नाही. तो टिकला काय, किती पसरला, तण किती घटले, ह्याची वर्षानुवर्षे नोंद ठेवावी लागते. पहिल्या पाच पायऱ्या शास्त्रज्ञ व सरकार ह्यांच्या आहेत. ही सहावी पायरी गावाची आहे, आणि बहुतेक योजना येथेच लंगड्या पडतात.

४. मेक्सिकन भुंगेरा

गाजर गवतावरील भुंगेरा १९८३ साली मेक्सिकोहून बंगळूर येथे आणला गेला. पिके धरून अनेक वनस्पतींवर त्याची परीक्षा झाली व १९८४ साली तो सोडण्यात आला. चार वर्षांत, म्हणजे १९८८ च्या पावसाळ्यात, बंगळूर परिसरातील गाजर गवत मोठ्या क्षेत्रावर निष्पर्ण झालेले दिसले. पुढे तो अनेक राज्यांत नेण्यात आला व काही ठिकाणी आपण होऊन पोहोचला. महाराष्ट्रातही तो आता आढळतो.

प्रौढ भुंगेरा सुमारे ६ मिलिमीटर लांब असून त्याचे पंख मळकट पांढरे व त्यांवर गडद तपकिरी उभे पट्टे असतात. पिकांवरील ठिपक्यांचा ढालकिडा हा नव्हे. मादी पानांच्या खालच्या बाजूस पिवळसर अंडी घालते. अळ्या प्रथम कोवळे शेंडे व फुटवे खातात, नंतर पाने. शेंडा खाल्ला गेल्यामुळे झाडाची वाढ खुंटते व फुले कमी येतात. दहा-पंधरा दिवसांनी अळी जमिनीत शिरून कोष करते, आणि सुमारे दहा दिवसांत त्यातून नवा भुंगेरा बाहेर येतो. साधारणपणे एका महिन्यात एक पिढी पूर्ण होते. जुलै ते ऑक्टोबर हा त्याच्या कामाचा काळ. पावसाळा संपल्यावर भुंगेरे जमिनीत शिरून सुप्तावस्थेत पडून राहतात व पुढील वर्षाच्या पहिल्या पावसानंतर पुन्हा वर येतात.

ह्यावरून त्याचे बळ व त्याची मर्यादा दोन्ही कळतात. पावसाळ्यातील गवत तो खातो. हिवाळ्यात व उन्हाळ्यात पाटाच्या ओलीवर उगवणारे गवत त्याच्या तावडीतून सुटते. ते माणसानेच काढले पाहिजे.

५. सूर्यफुलाविषयीची शंका

१९९१ च्या सुमारास कर्नाटकात हे भुंगेरे सूर्यफुलाच्या झाडांवर दिसले व शेतकऱ्यांत साहजिकच भीती पसरली. सरकारने तज्ज्ञांची समिती नेमून चौकशी केली. त्यातून असे दिसून आले की शेजारचे गाजर गवत संपले म्हणजे भुकेले भुंगेरे जवळच्या सूर्यफुलावर येतात. त्यातही ज्या पानांवर गाजर गवताचे पराग पडलेले असतात तीच थोडीफार कुरतडतात. सूर्यफूल हे त्यांचे खरे खाद्य नव्हे व त्या पिकावर त्यांचा वंश वाढत नाही.

ही हकीकत येथे मुद्दाम दिली आहे. शेतकऱ्याने शंका घेतली म्हणून चौकशी झाली आणि चौकशी झाली म्हणून विश्वास बसला. आपल्या गावी कोणत्याही पिकावर हे भुंगेरे दिसले तर ग्रामकार्यकर्त्याने ती गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. पीक, ठिकाण, दिवस व खाल्लेल्या पानांचा अंदाज लिहून कृषी विज्ञान केंद्रास कळवावे. शंका दडपल्याने योजना सुरक्षित होत नाही.

६. जलपर्णी

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची. तिच्या फिकट जांभळ्या फुलांच्या मोहाने ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आली. तिच्यावरील दोन सोंडे भुंगेरे १९८२-८३ मध्ये बंगळूरास आणले गेले. त्यांच्या अळ्या देठ पोखरतात, प्रौढ भुंगेरे पानांवर लहान चौकोनी व्रण पाडतात, आणि झाड हळूहळू पाण्यात बसते. मणिपूरमधील लोकटक सरोवरात १९८७ साली भुंगेरे सोडल्यावर सुमारे तीन वर्षांत चांगला परिणाम दिसला.

आपल्याकडील नद्यांत व तलावांत असे यश सर्वत्र येत नाही, ह्याचे एक मोठे कारण सांडपाणी होय. शहराची घाण पाण्यात मिसळली म्हणजे जलपर्णीस भरपूर खत मिळते आणि भुंगेरे खातील त्याहून अधिक वेगाने ती वाढते. शिवाय दरवर्षी यंत्राने सर्व जलपर्णी एकदम उपसली म्हणजे तिच्याबरोबर भुंगेरेही जातात व उरलेल्या बियांतून उगवलेल्या नव्या जलपर्णीस शत्रू राहत नाही. म्हणून उपसताना भुंगेरे असलेला थोडा भाग एका कडेस दोरीने अडवून राखून ठेवावा, आणि पाण्यात येणारी घाण थांबविण्याचा आग्रह ग्रामसभेत धरावा.

७. गावाने करावयाचे काम

प्रथम गावाच्या जागांचे दोन भाग करावेत. पहिला भाग म्हणजे पिकाची शेते, घरांची अंगणे, शाळा, पाणवठे. येथे भुंगेऱ्याची वाट पाहू नये. फुले येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, गाजर गवत मुळासकट उपटावे. हातमोजे घालावेत, नाकातोंडास फडके बांधावे, आणि ज्यांच्या त्वचेस त्रास होतो त्यांना ह्या कामास लावू नये.

दुसरा भाग म्हणजे गायरान, पडीक, रस्त्याच्या कडा. येथे जुलै-ऑगस्टमध्ये शेंडे खाल्लेले गवत व त्यावर पट्ट्यांचे भुंगेरे आढळले, तर ती जागा राखीव समजावी. तेथे ऑक्टोबरअखेर तणनाशक किंवा कीटकनाशक फवारू नये व गवत जाळू नये. पुष्कळदा असे घडते की मोहिमेच्या उत्साहात नेमकी भुंगेऱ्यांनी भरलेली जागाच साफ केली जाते व गावाचे बियाण्याचे भुंगेरे नष्ट होतात. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट ह्या काळात जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने देशभर गाजर गवत जागृती सप्ताह पाळला जातो. त्या आठवड्यात उपटणीबरोबरच भुंगेऱ्यांच्या जागांची पाहणीही करावी.

ज्या भागात भुंगेरे नाहीत तेथे ते नेता येतात. छिद्रे पाडलेल्या प्लॅस्टिकच्या बरणीत गाजर गवताच्या थोड्या फांद्या घालून त्यांत प्रौढ भुंगेरे गोळा करावेत. बरणी उन्हात ठेवू नये. एका ठिकाणी ५०० ते १००० भुंगेरे सोडावेत. पाच-पाच, दहा-दहा अशी विखरून वाटणी केल्यास ते टिकत नाहीत. पाऊस पडून गेलेला असावा, गवत कोवळे व हिरवे असावे, आणि सोडण्याची वेळ सकाळची किंवा सायंकाळची असावी.

भुंगेऱ्याच्या जोडीस टाकळा, म्हणजेच तरोटा, उपयोगी पडतो. त्याचे बी हिवाळ्याच्या तोंडी गोळा करून पावसाळ्यापूर्वी पडीकात फेकावे. तो दाट उगवून गाजर गवतास जागा देत नाही.

शेवटचे काम नोंदीचे. राखीव जागेत एक मीटर लांब व एक मीटर रुंद असे चार चौकोन खुंट्या ठोकून आखावेत. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत दर पंधरा दिवसांनी त्यांतील गवताची झाडे, फुललेली झाडे व भुंगेरे मोजून वहीत लिहावेत. पुढील जूनमध्ये उगवलेली रोपे मोजावीत. शाळेतील मुलांना झाडे उपटावयास लावू नये, पण मोजणी शिकविण्यास हरकत नाही. तीन-चार वर्षांची अशी वही म्हणजे आपल्या भागात भुंगेऱ्याने काय केले ह्याचा खरा पुरावा होय.

८. किती अपेक्षा ठेवावी?

तणनाशकाचा परिणाम आठवड्यात दिसतो. भुंगेऱ्याचा दिसण्यास तीन-चार पावसाळे लागतात. घाणेरीवर अनेक कीटक आणूनही तिचा बंदोबस्त अद्याप समाधानकारक झालेला नाही. तिच्या नाना जाती आहेत व एका कीटकास सर्व मानवत नाहीत. म्हणून यश प्रत्येक वेळी येईलच असे वचन कोणी देऊ नये व घेऊही नये. पण जेथे यश येते तेथे ते दरवर्षी विकत घ्यावे लागत नाही. गायरानाच्या शेकडो एकरांवर मजूर लावण्याची किंवा औषध फवारण्याची ऐपत कोणत्याच ग्रामपंचायतीस नाही. ते काम मातीत निजलेला भुंगेरा पहिल्या पावसाबरोबर उठून करतो. त्यासाठी त्याची जागा ओळखून तिला हात न लावणे, एवढेच पुष्कळदा गावाकडून अपेक्षित असते.

चर्चेसाठी प्रश्न

१. गाठी आणणारा पतंग ऑस्ट्रेलियात सोडला गेला. भारतात तो का सोडला नाही?
२. आपल्या गावात गाजर गवत उपटावयाच्या जागा कोणत्या व राखून ठेवावयाच्या जागा कोणत्या?
३. आपल्या तलावातील जलपर्णीस खत पुरविणारी घाण कोठून येते?
४. पिकावर पट्ट्यांचा भुंगेरा दिसल्यास कोणास व काय कळवावे?